ब्राझीलमधील लष्करी खटल्यांचें दफ्तर व त्याच्या नकला

एखादी राजवट गेल्यावर तिचें दफ्तर कोणाच्या हातीं राहतें, यावर तिजविषयींची स्मृति पुष्कळ अंशीं ठरते. जाणारे अधिकारी कागद जाळतात किंवा गहाळ झाल्याचें सांगतात. या दृष्टीनें ब्राझील देशांतील एका नकलसंग्रहाची हकीकत अभ्यासकांनीं लक्षांत घेण्याजोगी असल्यामुळें ती येथें देत आहोंत.

त्या देशांत १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी सत्ता होती. राजकीय आरोपींचे खटले लष्करी न्यायालयांत चालत, आणि कित्येक आरोपींनीं कोठडींत झालेल्या छळाचें वर्णन न्यायाधीशांपुढें केलें. तें जबानींत उतरलें. म्हणजे सरकार ज्या गोष्टीचा जाहीर इनकार करीत होतें, तिचा पुरावा सरकारच्याच दफ्तरांत पडून होता! १९७९ सालीं माफीचा कायदा झाला, तेव्हां अर्ज तयार करण्यासाठीं वकिलांस हीं प्रकरणें चोवीस तासांच्या बोलीनें बाहेर नेतां येऊं लागलीं. याच वाटेनें काम साधलें. साओ पावलोचे कार्डिनल पावलो एवारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाद्री झाइमी राइट (यांचा बंधु १९७३ सालीं बेपत्ता झाला होता) यांच्या आश्रयानें कांहीं वकिलांनीं भाड्याच्या यंत्रांवर छायाप्रती काढून अस्सल कागद मुदतींत परत केले. खर्च जागतिक चर्च परिषदेनें सोसला. ७०७ खटल्यांचीं पुरीं प्रकरणें, सुमारें दहा लक्ष पानें, अशा रीतीनें जमलीं. जप्तीच्या भीतीनें त्यांच्या मायक्रोफिल्मा परदेशीं पाठविण्यांत आल्या. १९८५ च्या जुलईंत या संग्रहाचा सारांश ‘ब्राझील : नुंका माइस’, म्हणजे ‘पुन्हां कधीं नाहीं’, या ग्रंथरूपानें निघाला.

फिल्मा २०११ सालीं मायदेशीं परतल्या, आणि ९ ऑगस्ट २०१३ रोजीं डिजिटल प्रती इंटरनेटवर सर्वांस खुल्या झाल्या. यांतील खरा लाभ आमच्या मतें शोधाचा आहे. जे लोक नाहींसे केले गेले त्यांची जबानी मिळणें शक्य नाहीं. त्यांची वार्ता सहकैद्यांच्या निरनिराळ्या खटल्यांतील जबान्यांतून वेंचावी लागते, व तें काम आतां घरबसल्या होतें. परंतु ही नकलेच्या नकलेची नकल आहे. पुसट पानावरील नांव यंत्रास वाचतां येत नाहीं; त्यास तें सांपडलें नाहीं म्हणून कागदांत तें नाहींच, असा निष्कर्ष काढूं नये. शिवाय जबानी आरोपीच्या तोंडची जशीच्या तशी नसते; न्यायाधीशानें सांगितलेल्या शब्दांत ती लेखनिक उतरून घेतो. छळाचा उल्लेख त्रोटक असला तर तो कोणीं त्रोटक केला, हें पाहिलें पाहिजे.

ज्या कायद्यामुळें हे कागद बाहेर आले, त्याच कायद्याच्या आधारानें छळ करणारांसही अभय मिळालें, आणि २०१० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो अर्थ कायम केला. राष्ट्रीय सत्यशोधन आयोगानें डिसेंबर २०१४ मध्यें आपला अहवाल दिला. त्यांत मृत व बेपत्ता अशा ४३४ व्यक्तींचीं नांवें आहेत.