कामी आलेल्यांची नावे

बोरिवली पश्चिमेला एक्सर नावाचे जुने गाव आहे. चहूबाजूंनी उठलेल्या इमारतींत ते आता शोधावे लागते, पण तिथे आजही वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मृतिशिळांची, एक रांग उभी आहे. त्यांतल्या काही शिळांच्या तळाच्या पट्ट्यांत जहाजे कोरलेली दिसतात. डोलकाठ्या आहेत, ओळीने पाण्यात घातलेली वल्ही आहेत, जहाजावर दाटीने उभे राहिलेले सैनिक आहेत. समुद्रावरच्या लढाईचे इतके तपशीलवार शिल्प महाराष्ट्रात क्वचितच पाहायला मिळते. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात 1265 च्या सुमारास झालेल्या संघर्षाचे हे चित्रण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला असे यादवांच्या बाजूचे लेखन सांगते. काही जण मात्र या शिळा त्याहून जुन्या असल्याचे म्हणतात.

हा वाद मिटत नाही, कारण जहाजे कोरणाऱ्याने सगळे काही कोरले, फक्त कोण मेले ते लिहिले नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो किंवा ढाल-तलवार घेऊन लढत असतो. कधी समोर घोडेस्वार असतात, कधी शेजारी गाईंची रांग. गाई दिसल्या की समजायचे, हा माणूस गावची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना कामी आला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. त्याहून वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला, सोबत पूजा करणारा पुजारी. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन अंगांना चंद्र-सूर्य. म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. तळाशी मरण, मध्ये प्रवास, वर कैलास. अक्षर न येणाऱ्यालाही कळावा असा हा मजकूर आहे, आणि आठशे-हजार वर्षांनंतरही तो कळतो.

कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा कन्नड लेख असतो. त्यात वीराचे नाव, त्याचे गाव, त्या वेळचा राजा, कुटुंबाला दिलेली जमीन असे तपशील सापडतात. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. ज्या गावाने दगड उभा केला त्या गावाला माणूस ठाऊक होता, त्याची बायकामुले डोळ्यांसमोर होती. नाव लिहिण्याची गरज कुणाला वाटली नसावी. तीन-चार पिढ्यांनी ती ओळख विरली आणि दगड उरला. मग कुणी त्याला शेंदूर लावून देव केले. कुणी पारावर टेकवून ठेवले. काही वीरगळ पायऱ्यांत बसले, तर काहींवर धुणी धुतली गेली. ज्याने गावासाठी जीव दिला त्याच्या छातीवर पाय देऊन लोक देवळात जातात, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलेही नसते.

घराघरांतून मात्र आठवण वेगळ्या वाटेने टिकली. अनेक मराठी कुटुंबांच्या देव्हाऱ्यात कुलदैवताच्या टाकांबरोबर एक टाक वीराचा असतो. लढाईत गेलेला तो घरातला कुणी पूर्वज. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदाघाटावर नेले जातात. मिरवणुकीत लहान मुले देवादिकांचे वेष घालून नाचतात, घरातला टाक हातात धरून माणसे रामकुंडाकडे जातात. त्या घरांपैकी कितींना आपल्या वीराचे नाव सांगता येईल? पुष्कळांना नाही. तरीही दर वर्षी त्याला स्नान घातले जाते.

साध्या शिपायाचे नाव दगडावर येण्याची महाराष्ट्रातली एक ठळक घटना भीमा नदीकाठी कोरेगावला घडली. 1 जानेवारी 1818 रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची छोटी तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांच्यात तिथे दिवसभर झुंज झाली. पुढे 1821 मध्ये कंपनीने त्या जागी जयस्तंभाची पायाभरणी केली. तो उभारण्यामागे कंपनीचा हेतू आपल्या विजयाची खूण ठेवण्याचा होता, यात शंका नाही. पण त्यावर मारल्या गेलेल्या देशी शिपायांची नावेही कोरली गेली, आणि त्यांतली वीसहून अधिक नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. त्या काळच्या महार पुरुषांच्या नावांची ही खूण.

या कोरलेल्या नावांनी पुढे जे केले ते उभारणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ‘लढाऊ जाती’ आणि बाकीच्या अशी विभागणी करून ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या शिपाई दिले त्याला दार लावून घेतले. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अर्ज-विनंत्यांमधून आपल्या पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. कोरेगावचा स्तंभ हा त्यातला न खोडता येणारा पुरावा होता. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला हाच स्तंभ होता. नावे नसती, नुसताच ‘कंपनीचे इतके शिपाई पडले’ असा आकडा असता, तर यातले काय शक्य झाले असते?

हा प्रश्न हवेतला नाही, कारण शंभर वर्षांनी इंग्रजांनी नेमके तेच केले. सातारा-रत्नागिरीच्या गावांत अजूनही पहिल्या महायुद्धाच्या छोट्या संगमरवरी पाट्या आढळतात. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या, कुठे नुसत्या एका चौथऱ्यावर. मजकूर ठरलेला: या गावातून इतकी माणसे 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. एकच साचा, आकडे तेवढे वेगळे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात 46 जवान गमावल्याचे सांगितले जाते. घरटी एक तरी माणूस फौजेत असण्याची रीत तिथे पुढेही चालू राहिली, आणि आज ते गाव अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखले जाते. गावाला आपली माणसे माहीत आहेत म्हणून तिथे आकड्यामागचे चेहरे टिकले. इतर अनेक गावांत पाटी आहे आणि सांगणारे गेले आहेत.

यातले बरेच जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे त्या सुमारे पाच महिने वेढ्यात अडकल्या. शिधा संपला, घोडी-खेचरे मारून खाण्याची वेळ आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी सैन्याने शरणागती पत्करली. कैदेतल्या पायपिटीत आणि तळांवर हजारो मेले. या मोहिमेत ज्यांना थडगे मिळाले नाही अशा 40 हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक बांधले गेले. त्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे आहेत, ब्रिटिश सैनिकांची आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या आली.

ज्या आयोगाने (आजचा राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोग) हे स्मारक उभारले, त्याचे तत्त्व होते की मरणानंतर हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. युरोपात ते पाळलेही गेले. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल येथे 1927 मध्ये उघडलेल्या स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतीवर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत, शिपाई आणि सुभेदार एकाच पंक्तीत. मग बसऱ्याला काय अडले? दगड तर कमी पडला नव्हता. ज्यांची घरे साताऱ्यात किंवा खेडमध्ये आहेत त्यांच्या आया काही इराकला येऊन नाव शोधणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब असणार. आयोगाच्याच चौकशी समितीने 2021 मध्ये कबूल केले की आशिया-आफ्रिकेतल्या अंदाजे 45 ते 54 हजार मृतांचे स्मरण असे दुजाभावाने झाले, आणि किमान 1 लाख 16 हजार जणांचे नाव कोरले गेले नाही किंवा त्यांचे स्मरणच केले गेले नाही. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी आलेली माफी उशिराची असली तरी ती मागितली गेली हे महत्त्वाचे, कारण त्यानंतरच यादी पुन्हा हाती घ्यावी लागते.

समुद्रावर गेलेल्यांची कथा याहून कमी सांगितली जाते. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या हिंदी खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या युद्धातले दोन हजारांहून अधिक, दुसऱ्यातले त्याच्या काही पट. बोटीच्या पोटात कोळसा ओढणारे, भांडारात काम करणारे, डेकवरचे. त्यांत कोकणच्या किनाऱ्यावरून गेलेलेही होते. मस्जिद स्टेशनच्या गर्दीतून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, याची शंकाच आहे.

नाव आणि जागा, दोन्ही जपल्यावर काय होते याचे उदाहरण इटलीत आहे. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, बाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या आणि दुसरी मॅगझिन लावायला वेळ नव्हता, तेव्हा तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवले. पुढच्याच क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या देहाचे थडगे नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे, आणि 2023 मध्ये पेरूजा प्रांतातल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते आहे सूर्यतबकडी, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारे घड्याळ. लढाईला जवळजवळ 80 वर्षे झाल्यावर परक्या देशातल्या लोकांना तेव्हाच्या कोलाबा जिल्ह्यातल्या एका तरुणासाठी असे काही करावेसे वाटले, याचे मोल मोठे आहे.

स्वतंत्र भारताला आपल्या सैनिकांची एकत्र नावे कोरायला 2019 उजाडावे लागले. तोवर दिल्लीत इंडिया गेट होते, ज्यावर पहिल्या महायुद्धातल्या आणि सरहद्दीवरच्या लढायांतल्या 13 हजारांहून अधिक जणांची नावे आहेत. त्यांतली बरीच इतक्या उंचावर आहेत की वाचता येत नाहीत. त्या कमानीखाली 1972 मध्ये अमर जवान ज्योत पेटली, पण 1947 नंतर पडलेल्यांची नावे तिच्याजवळ नव्हती. पुण्याने तोपर्यंत आपल्यापुरता मार्ग काढला होता. लष्कर भागातले युद्धस्मारक 1998 मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, आणि ते सरकारची वाट न पाहता झाले याचा पुणेकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 रोजी झाले. चेन्नईचे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांनी त्याची आखणी एकात एक चार वर्तुळांची केली. आत अमर चक्र, मग वीरता, त्याग आणि बाहेर झाडांचे रक्षक चक्र. त्यांतले त्याग चक्र सर्वांत जास्त वेळ थांबवते. ग्रॅनाइटच्या विटांसारख्या पाट्या, प्रत्येकीवर एक नाव, हुद्दा आणि पलटण. उद्घाटनाच्या वेळी अशी 25,942 नावे होती. भिंती माणसाच्या उंचीत आहेत, म्हणून हात पोहोचतो. गावाकडून आलेली माणसे बोटाने ओळी धुंडाळतात, सापडले की तिथेच फोटो काढतात. संध्याकाळी होणाऱ्या समारंभात एखाद्या हुतात्म्याच्या नातलगांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. परमवीरांचे अर्धपुतळे जवळच वेगळ्या जागी आहेत, पण त्याग चक्रात शिपाई आणि ब्रिगेडियर यांच्या पाट्या एकाच मापाच्या. जून 2020 मध्ये गलवानला पडलेल्या 20 जणांची नावे नंतर तिथे वाढवली गेली.

ज्यांच्या घरी ‘आजोबांचे वडील पहिल्या लढाईत गेले आणि आलेच नाहीत’ असे सांगितले जाते, त्यांना आता शोध घेता येतो. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची यादी इंटरनेटवर विनामूल्य खुली आहे. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण येते ती स्पेलिंगची. इंग्रज कारकुनाने जाधव, शिंदे, मोरे, घाडगे ही आडनावे कानाला ऐकू आली तशी लिहिली, आणि आडनाव न लिहिता नुसते पहिले नाव टाकण्याचीही पद्धत होती. म्हणून आडनावाने सापडले नाही तर पहिल्या नावाने, मग पलटणीच्या क्रमांकाने आणि शेवटी गावाच्या नावाने शोधावे. गावच्या चावडीत पाटी असेल तर तिच्यावरच्या आकड्याशी ही नावे ताडून पाहता येतात. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांकडून एका सत्रात होण्यासारखे हे काम आहे. वेशीवर वीरगळ असेल तर त्याचा फोटो, मोजमाप आणि जागा टिपून जिल्ह्यातल्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवता येते. तो उचलून देवळात हलवू नये आणि त्यावर तैलरंगही देऊ नये.