उजनीच्या पाण्यातले वीरगळ वाचायचे कसे?

नेहमी विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ. इजिप्तच्या थडग्यांत दगडी बाहुल्या सापडतात, तसं आपल्याकडे काही आहे का?

आधी इजिप्त. त्या बाहुल्यांना ‘उशब्ती’ म्हणतात. परलोकात शेतीच्या कामाला बोलावणं आलं, की मृताच्या वतीनं ‘हजर’ म्हणायचं, हे त्यांचं काम. तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या. अनेक उशब्तींवर मृताचं नाव कोरलेलं असतं. पण त्या ठेवायच्या थडग्यात, बंद. गावानं बघाव्यात म्हणून त्या नव्हत्याच.

आपला वीरगळ याच्या उलट. तो उघड्यावर, देवळापाशी नाहीतर वेशीवर. शब्द कन्नडमधला, ‘कल्लु’ म्हणजे दगड. वाचायचा खालून वर. तळाला पडलेला वीर. तिथं गाई कोरल्या असतील तर समजायचं, गुरं वाचवताना गेला. त्यावर लढाई. त्यावर त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

आता अडचण बघा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला माहीत होतं ना, मग लिहायचं कशाला? म्हणजे दगड कुठं उभा आहे, एवढीच त्या माणसाची ओळख उरली.

आणि उजनीत नेमकी जागाच बुडाली. १९८० साली भीमेवरचं धरण पूर्ण झालं, काठची गावं उठली. नव्या गावठाणात नवी देवळं झाली. जुने दगड बरेचसे पाण्याखालीच राहिले. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तिथं वीरगळही दिसतात. समोरच्या काठाला करमाळ्याचं केत्तूर, कुगाव. तिथल्या जुन्या गावठाणातही नजर ठेवा.

असा दगड दिसला तर उचलून घरी किंवा नव्या देवळात आणू नका. भावना चांगली असते, पण दगड हलला की त्या माणसाचा शेवटचा पत्ता पुसला. शेंदूर, ऑइलपेंटही नको. कोरीव काम बुजतं. चारी बाजूंनी फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा. आणि जुनं गाव पाहिलेल्या आजोबांना विचारा, हा दगड कुणाच्या रानात होता? दगड पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दिसेल. आजोबांचं तसं नाही.