आठवीतली एक परीक्षा, बारावीपर्यंत ४८ हजार! फॉर्म भरला का?

हायस्कूल म्हणजे फक्त दहावी, असं बऱ्याच घरांत धरलं जातं. पण पुढच्या शिक्षणाचा पैसा आठवीतच ठरू शकतो. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीत नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको आणि सातवीत किमान ५५ टक्के (एससी-एसटीला ५०) गुण लागतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा.

पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न. शालेय विषयांचा पेपर सातवी-आठवीच्या पुस्तकांवर, तो वाचून जमतो. पोरं अडतात ती बुद्धिमत्ता चाचणीत. संख्यामालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा हे पाठांतराचं काम नाही. रोज अर्धा तास घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, एवढाच उपाय.

निवड झाली म्हणजे संपलं नाही. दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, नाहीतर पैसे थांबतात. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत ६० टक्के (एससी-एसटीला ५५) हवेत. आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळत नसेल, तर दुरुस्ती फॉर्मच्या आधीच उरकून घ्या.