आईला ताप आला म्हणून बाळाचे दूध तोडू नका

बाळंतिणीला ताप किंवा सर्दी-खोकला झाला, की घरातून पहिला सल्ला मिळतो, "बाळाला पाजू नकोस, त्याला बाधेल." मग पावडरचा डबा येतो. सल्ल्यामागची माया खरी असते, पण नुकसान बाळाचेच होते.

बाळाची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जन्मतः कच्ची असते. गर्भात आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये, त्याला वारेतून मिळतात. पुढची शिदोरी दुधातून येते. पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध अर्थात चीक या द्रव्यांनी भरलेला असतो. तो पिळून टाकू नये. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजावे.

आई आजारी पडली की तिचे शरीर त्याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती दुधात उतरतात आणि बाळाच्या घशात, आतड्यात पहारा देतात. शिवाय ताप दिसण्याआधीच आईच्या सहवासातून बाळाचा त्या विषाणूशी संबंध आलेला असतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी आपण त्याची ढाल काढून घेतो. वर पावडरीत अस्वच्छ पाणी गेले तर जुलाब, आणि डब्याचा खर्च वेगळाच.

सर्दी, फ्लू पसरतात ते खोकल्याच्या तुषारांतून आणि हातांतून, दुधातून नव्हे. म्हणून पाजण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, नाका-तोंडाला स्वच्छ फडके किंवा मास्क बांधावा. कोरोनाच्या साथीत, 2020 साली, जागतिक आरोग्य संघटनेनेही हाच सल्ला दिला होता. उठवत नसेल तर दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने पाजावे. औषध मात्र डॉक्टरांना "मी अंगावर पाजते" असे सांगूनच घ्यावे.

काही आजारांत वेगळी काळजी लागते. आईला कावीळ 'ब' असेल तर बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस द्यावी, शिवाय डॉक्टर सांगतील ते इंजेक्शनही. मग पाजता येते. स्तनावर नागिणीसारखे पाण्याचे फोड असतील तर त्या बाजूचे दूध देऊ नये. बाळंतपणाच्या सुमारास कांजिण्या आल्या किंवा आईला एचआयव्ही असेल, तर स्वतःच्या मनाने काही न ठरवता सरकारी दवाखान्यात विचारावे. एचआयव्हीची औषधे तेथे मोफत मिळतात.

बाळ दूध ओढेना, निपचित पडले, धापा टाकू लागले किंवा त्याला ताप आला, तर तडक दवाखाना गाठावा.

आणि घरातल्या पुरुषांनो, सासूबाईंनो, आजारी बाळंतिणीचे पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे तुम्ही उचला. तिला विसावा आणि पोटभर जेवण द्या. बाळाला पाजण्याचे काम तेवढे तिच्याकडे राहू द्या.