कातडीची पेढी

भाजलेला पेशंट पहिले दोन दिवस तगला, की घरच्यांना वाटतं संकट टळलं. सलाइन चालू असतं, लघवी होत असते, माणूस चार शब्द बोलत असतो. बर्न्स वॉर्डातल्या डॉक्टरांचा घोर मात्र तिथून पुढे वाढत जातो. खोलवर भाजलेली कातडी मेलेली असते. तिच्यात रक्त फिरत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथवर नीट पोचत नाही. जंतूंना मात्र तिथे ऊब, ओलावा आणि खायला प्रथिनं असं सगळं आयतं मिळतं. पहिले काही दिवस पेशंटच्या स्वतःच्या अंगावरचे स्टॅफिलोकॉकससारखे जंतू असतात. आठवड्याभरात आतड्यातले आणि हॉस्पिटलमधले जंतू त्यांची जागा घेतात. त्यांतला सुडोमोनास नावाचा जंतू शिरला की पट्टीवर हिरवट-निळसर डाग उमटतो आणि गोडसर वास सुटतो. अनुभवी सिस्टर पट्टी सोडतानाच ओळखतात. रिपोर्ट मागाहून येतो.

तो कल्चरचा, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट म्हणजे साधा कागद. एका बाजूला औषधांची नावं, समोर ‘एस’ किंवा ‘आर’ हे अक्षर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. बर्न्स वॉर्डातल्या कित्येक कागदांवर वरून खालपर्यंत आरच आर असतात. मग उरतं कोलिस्टिन. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून एके काळी मागे टाकलेलं हे जुनं औषध, दुसरं काही चालेना म्हणून पुन्हा बाहेर काढावं लागलं. आणि तेही अशा पेशंटसाठी, ज्याची मूत्रपिंडं आधीच दमलेली असतात. सुडोमोनास औषध पेशीबाहेर उपसून टाकतो, शिवाय चिकट थराखाली दडून बसतो. असिनेटोबॅक्टर हा दुसरा जंतू कॉटच्या कोरड्या दांड्यावरही कित्येक दिवस जिवंत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्वांत घातक प्रतिरोधक जंतूंची यादी काढली, तेव्हा कार्बापेनेम गटातल्या औषधांना न जुमानणारे हे दोघेही पहिल्याच गटात होते. ‘असू द्या, सुरक्षित बरं’ म्हणून जंतुसंसर्ग नसतानाच अँटिबायोटिक सुरू करण्याची सवय या जंतूंना पोसते, हे स्पष्ट सांगायला हवं.

नवं औषध येईल तेव्हा येईल. आज हाताशी असलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मेलेली कातडी लवकर काढणं आणि जखम झाकणं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर इथल्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी १९७० साली ही पद्धत जगापुढे मांडली. भाजल्यानंतर थोड्याच दिवसांत मेलेला थर पातळ पातळ तासत जिवंत भाग लागेपर्यंत जायचं आणि लगेच त्यावर पेशंटच्याच धड भागावरची कातडी बसवायची. जंतूंचं घरच उठवायचं. पण अर्धं अंग भाजलेल्या माणसाकडे स्वतःची कातडी उरते कुठे? आणि तासलेली जागा उघडी ठेवली, तर तेच जंतू तिथे नव्याने मुक्काम करणार.

या अडचणीला मुंबईत सायन हॉस्पिटलने, म्हणजे शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाने उत्तर शोधलं. २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने इथे त्वचापेढी उभी राहिली. दात्याच्या मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. पाय, मांड्या आणि पाठ इथून डर्मॅटोम नावाच्या यंत्राने वरचा अगदी पातळ पापुद्रा काढतात. एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांसाठी रक्त तपासतात. पापुद्रे ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवले जातात. ग्लिसरॉल पाणी शोषून घेतं आणि जंतूंनाही जगू देत नाही. तरीही कातडीचं कल्चर स्वच्छ आल्याशिवाय ती वापरायला देत नाहीत. थंड तापमानात अशी कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. शस्त्रक्रियेच्या वेळी ती सलाइनने धुऊन घेतात. रंगाने पांढुरकी, पिवळसर, हाताला ओल्या कागदासारखी. रक्तगट जुळवावा लागत नाही. ती जखमेवर साधारण दोन-तीन आठवडे राहते आणि मग सुटते. तेवढ्या अवधीत पाणी आणि प्रथिनं झिरपणं कमी होतं, पट्टी बदलतानाच्या वेदना कमी होतात, जंतूंना दार बंद राहतं, आणि पेशंटची स्वतःची कातडी पुन्हा घेण्याजोगी होते.

याच रुग्णालयात डॉ. गोरे यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंगही अभ्यासलं. निर्जंतुक केलेलं पान मेणचट असल्याने जखमेला चिकटत नाही, काढताना रडू येत नाही. त्याआधी मुंबईतच डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरून पाहिल्या होत्या. परदेशी ड्रेसिंग ज्यांना परवडत नाही अशा पेशंटसाठी ही माणसं डोकं चालवत होती. मला हे काम फार मोठं वाटतं.

भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. महाराष्ट्रात ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, पुणे आणि नागपूर इथेही त्वचापेढ्या झाल्या. तुटवडा आहे तो देणाऱ्यांचा. नेत्रदान आपल्या अंगवळणी पडलंय. त्वचादान म्हटलं की देहाची विटंबना होईल, अंत्यविधीला उशीर होईल, या भीतीने लोक मागे सरतात. प्रत्यक्षात पथक घरी येतं, काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, चेहऱ्याला हात लागत नाही, आणि कातडी घेतलेल्या जागी पट्ट्या बांधून देह परत देतात. वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती दाता होऊ शकते; मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी अडत नाही. त्वचेचा कर्करोग, त्वचेचा संसर्ग, एचआयव्ही आणि कावीळ बी, सी असेल तर मात्र नाही.

दान-कार्ड भरलं तरी त्या वेळी होकार घरच्यांनीच द्यायचा असतो. म्हणून आजच घरी जेवायला बसाल तेव्हा हा विषय काढा, आणि जवळच्या त्वचापेढीचा फोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. हाती सहाच तास असतात.