बॅटरी बदलायची की फोनच बदलायचा?

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.

आज कुठल्याही नवीन लाँचबद्दल बोलणार नाहीये. आज बोलायचंय तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे त्याच्याबद्दल, आणि त्यातही त्याच्या बॅटरीबद्दल. सुरुवातीलाच एक कबुली देतो. या विषयात मी माझ्या घरच्याच माणसाला चुकीचा सल्ला दिला होता.

झालं असं. माझ्या बाबांचं बार्शीत स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. फोन चार वर्षं जुना. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, "अरे, तीस टक्के दाखवतो आणि फटकन बंद पडतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं, पैसे आले की नाही तेच कळत नाही." मी ऑफिसात, मीटिंगच्या मध्ये. मी म्हणालो, "बाबा, चार वर्षं झाली आता, नवीन घ्या. मी आजच ऑर्डर करतो." ते म्हणाले, "फोन तर चांगलाय ना रे? नुसती बॅटरी गेलीय." मी म्हणालो, "हल्लीच्या फोनचं तसं नसतं बाबा."

मी कॉम्प्युटरचा बीटेक. रोज कोड लिहितो. आणि बरोबर बाबा होते.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ मध्ये सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिच्या तीन शिल्पकारांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काम साधं आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. पण प्रत्येक फेरीत थोडं लिथियम वाटेत अडकतं. ग्रॅफाइटच्या बाजूवर एक पातळ थर असतो, तो हळूहळू जाड होत जातो आणि लिथियम खात जातो.

याचे दोन परिणाम होतात, आणि ते वेगवेगळे आहेत. आमच्याकडच्या टाकीचं उदाहरण देतो. जड पाणी असलेल्या गावात दोन गोष्टी होतात. टाकीच्या तळाशी गाळ साचतो, म्हणून पाणी कमी मावतं. आणि नळात क्षार बसतात, म्हणून टाकीत पाणी असूनही धार बारीक येते. बॅटरीचंही तसंच. गाळ साचणं म्हणजे क्षमता कमी होणं, म्हणून चार्ज लवकर संपतो. नळ चोंदणं म्हणजे अंतर्गत रोध वाढणं, म्हणून कॅमेरा उघडला किंवा नेटवर्क शोधताना फोनने जोरात करंट मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन बंद पडतो. तीस टक्के असताना सुद्धा. बाबांच्या फोनचं हेच होत होतं. टाकीत पाणी होतं, नळ चोंदला होता.

'सायकल'चा हिशोब

कंपन्या बॅटरीचं आयुष्य सायकलमध्ये सांगतात. एक सायकल म्हणजे चार्जर एकदा लावणं नव्हे. आज ५० टक्के वापरलं, उद्या ५० टक्के वापरलं, तर मिळून एक सायकल. ॲपलचं उदाहरण घ्या, कारण ते आकडा उघड सांगतात. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्यात, तर आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० सायकल.

आता साधं गणित करू. रोज एक पूर्ण सायकल होत असेल, तर ५०० सायकल म्हणजे दीड वर्षाच्याही आत. १,००० सायकल म्हणजे पावणेतीन वर्षं. आणि आता जाहिरातींकडे बघा. गुगलने पिक्सेल ८ पासून, सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. छानच आहे, मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण सात वर्षं म्हणजे रोज एकच्या हिशोबाने अडीच हजारांच्या वर सायकल! म्हणजे सात वर्षं चालणाऱ्या फोनला मध्ये किमान एकदा, बहुतेक दोनदा, नवीन बॅटरी लागणारच. मग अपडेटची वर्षं मोठ्या अक्षरात आणि बॅटरी बदलायचा खर्च कुठेच नाही, असं का? माझ्या मते बॅटरीशिवाय दिलेलं अपडेटचं वचन अर्धवट आहे.

कंपन्यांना हे माहीत नाही का? चांगलं माहीत आहे

२०१७ सालची गोष्ट आठवते का? जुने आयफोन अपडेटनंतर स्लो होतात अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की हो, बॅटरी जुनी झालेल्या काही मॉडेल्सचा वेग सॉफ्टवेअर मुद्दाम कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. इंजिनिअर म्हणून सांगतो, तांत्रिकदृष्ट्या ते कारण खरं आहे. नळ चोंदला असेल तर पाणी हळू वापरणं हा उपाय झालाच. चूक ती लपवण्यात होती. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, नवीन घ्यावा. खरं तर फक्त बॅटरी बदलायची होती. पुढे फ्रान्समध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड झाला.

पण यातला सगळ्यात भारी भाग वेगळाच आहे. माफी मागताना ॲपलने बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला, २०१८ सालापुरता. आणि जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं, उत्पन्न अंदाजापेक्षा कमी येणार म्हणून. त्यात जी कारणं दिली होती, त्यातलं एक होतं स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्या! म्हणजे बॅटरी परवडली की लोक नवा फोन घेत नाहीत, हे कंपनीने स्वतःच लिहून दिलं. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

युरोपने काय केलं, आपण कुठे आहोत

युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नवीन फोनना अट आहे: ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे. मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फोनच्या लेबलवर दुरुस्ती किती सोपी याची ए ते ई अशी श्रेणी छापली पाहिजे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी हवी, काही अपवाद सोडून.

आपल्याकडे? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे राइट टू रिपेअर पोर्टल आलं. २०२५ मध्ये मोबाइलसाठी दुरुस्ती निर्देशांक असावा अशी शिफारसही एका समितीने केली. फ्रिजवर जसे स्टार असतात, तसा फोनच्या डब्यावर आकडा. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. फ्रान्समध्ये असा आकडा छापणं जानेवारी २०२१ मध्येच सक्तीचं झालं होतं. खरं सांगू का, आपल्याला याची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे. इथे घरात एकच फोन तीन जण वापरतात, आणि मोठ्याचा जुना फोन धाकट्याला मिळतो.

परत बाबांच्या फोनकडे

मी रविवारी बार्शीला गेलो. आधी सर्व्हिस सेंटर. काउंटरवरचा मुलगा फोन न उघडताच म्हणाला, "सर, याची बॅटरी येत नाही आता. एक्स्चेंज ऑफर आहे, बघता का?" माझ्यासारखंच बोलला तो. मला जरा लाज वाटली.

मग बाबाच मला त्यांच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्या दादांनी फोन आडवा धरून उजेडात बघितला आणि विचारलं, "काका, स्क्रीन कधीपासून वर आलीय?" बाबा म्हणाले, दिवाळीपासून. ती फट मी दिवाळीतच बघितली होती. मला वाटलं स्क्रीनगार्ड नीट बसलं नाहीये.

दादांनी मागचं कव्हर गरम करून काढलं. आत बॅटरी उशीसारखी फुगलेली. आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो, तो बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ती फुगते. अशी बॅटरी दाबली गेली, टोचली गेली तर पेट घेऊ शकते. आणि बाबा फोन रात्री उशाखाली ठेवून झोपतात. पहाटेच्या अलार्मसाठी.

मी काहीच बोललो नाही. दादांनी नवीन बॅटरी टाकली, चौदाशे रुपये घेतले. फोन आजही चालतोय.

आता तुम्ही काय करायचं

एक. आजच फोन सपाट टेबलावर ठेवा आणि बाजूने बघा. स्क्रीन किंवा मागची बाजू उचलली असेल, फोन डुगडुगत असेल, तर चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, सरळ दुरुस्तीला न्या. घरच्यांचे फोनही बघा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.

दोन. सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'बॅटरी हेल्थ' टाकून बघा. सगळ्या अँड्रॉइड फोनमध्ये ते दिसत नाही, पण दिसलं आणि ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर फोन स्लो होण्याचं कारण तेही असू शकतं.

तीन. फोन बदलायच्या आधी दोन प्रश्न विचारा. सिक्युरिटी अपडेट अजून येतंय का? बॅटरी सोडून बाकी सगळं ठीक आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बॅटरी टाका. अपडेट बंद झालं असेल आणि त्याच फोनवर तुमचं बँकिंग असेल, तर मात्र नवीन फोन घेणं योग्य.

चार. बॅटरी अगदी शंभर रुपयांची घेऊ नका. तिच्यावर बीआयएसची नोंदणी खूण बघा, बिल मागा, वॉरंटी लिहून घ्या. दुरुस्तीवरून कंपनीशी वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पाच. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. ॲपल सांगतं की ३५ अंशांच्या वरच्या हवेत बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. सोलापूर, विदर्भ, मराठवाड्यात उन्हाळ्यात सावलीतही ४० असतं! म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर नेव्हिगेशन आणि चार्जिंग एकदम नको. चार्जिंगला लावून गेम खेळणं नको. उशीखाली चार्जिंग तर अजिबात नको. ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग असेल तर चालू करा, कारण भरलेली आणि तापलेली बॅटरी सगळ्यात लवकर झिजते.

फास्ट चार्जिंग वाईट का, हा प्रश्न दर आठवड्याला येतो. उत्तर: उष्णता आटोक्यात असेल तर फार नाही. फोन स्वतःच सुरुवातीला जोरात आणि शेवटी हळू चार्ज करतो, म्हणून तर शेवटचे वीस टक्के इतका वेळ खातात. हात पोळेल इतका फोन तापत असेल, तर मात्र कव्हर काढा.

बाबांना मी आता साधं अलार्म घड्याळ आणून दिलंय. फोन रात्री बाहेरच्या खोलीत, टेबलावर असतो. ते गंमतीने म्हणतात, "इंजिनिअरला चौदाशे रुपयांत शिकवलं."

तुमच्या घरातला सगळ्यात जुना चालू फोन किती वर्षांचा आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, पाठवायच्या आधी तो टेबलावर ठेवून बाजूने एकदा बघा. भेटू पुढच्या आठवड्यात!