डबा शोधायला निघालेल्या बायका



महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की मी विहारात बीपी आणि साखर तपासते. मागच्या खेपेला मशीन पिशवीत भरता भरता मी म्हटलं, "पुढच्या रविवारी कॅश शोधायला जायचंय, कोण कोण येतंय?" शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "सिस्टर, मिळाली तर वाटून घ्यायची का?" सगळ्या हसल्या. माझ्या भाच्याने 'जिओकॅशिंग' हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा मलाही ती पैशांचीच भानगड वाटली होती. पण हा कॅश शब्द वेगळा. तो फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा अर्थ लपवून ठेवलेली वस्तू. कुणीतरी सार्वजनिक जागी एक डबा लपवतं, त्या जागेचे आकडे ॲपवर टाकतं, आणि बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबा जिथे होता तिथेच परत ठेवायचा. काही डब्यांत छोट्या वस्तू असतात. त्यातली एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. बक्षीस काही नाही.

मग एवढी पायपीट कशाला? काकूंनी हेही विचारलंच.

वीस वर्षं वॉर्डात आणि नंतर वस्तीत मी बायकांना "रोज अर्धा तास चाला" असं सांगत आले. त्या "हो सिस्टर" म्हणतात आणि चालत नाहीत. पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही, कारण मीही चालत नव्हते. गेल्या वर्षी माझी उपाशीपोटीची साखर 112 आली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावरचा आकडा. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला पुन्हा चालायला सांगणं म्हणजे तिच्या कष्टात भर घालणं. शिवाय चालायचं कुठे? गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने गटारावर उभं राहायचं. मोठ्या रस्त्यावर रिकाम्या हाताने फिरलं तर "ही उगाच कुठे हिंडते?" ऐकायचं. आपल्या बायका पाण्याला जातात, रेशनला जातात, कामाला जातात. उगाच म्हणून त्या कुठेच जात नाहीत. डबा शोधायचा म्हटलं की निदान निघायला निमित्त मिळतं.

खेळ कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगते. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक मिसळायचे, म्हणून जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे 2000च्या सुरुवातीला ही भेसळ बंद झाली. लगेच 3 मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने एक बादली रानात ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, एक गलोल आणि चक्क डबाबंद घेवडा होता. तीन दिवसांत कुणीतरी ती शोधून काढली. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. आपल्याकडे फार थोडे, पण मुंबईत आहेत.

भाचा बारावीला आहे. त्याने माझ्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. साधं खातं फुकट मिळतं. आकडे अंश आणि मिनिटांत असतात. आपली मुंबई साधारण 19 अंश उत्तरेला आणि 72 अंश पूर्वेला. मिनिटानंतर दशांश चिन्ह आणि पुढे तीन आकडे. उत्तरेच्या आकड्यात शेवटचा अंक एकाने बदलला तर जागा दोन मीटरपेक्षा कमी सरकते. मी भाच्याला म्हटलं, मग काय, थेट डब्यावरच पाय पडेल.

पहिल्या दिवशी पाऊण तास शोधून आम्ही हात हलवत परत आलो. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर मोबाईलमधला बाण वेड्यासारखा फिरत होता. सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि मोबाईल फसतो. मी बाणामागे धावत होते, चार पावलं इकडे, सहा पावलं तिकडे. घरी आल्यावर लक्षात आलं की नवशिकी नर्स शीर शोधताना हेच करते. सुई आत फिरवत राहते. आम्हाला शिकवलं होतं की थांब, बोटाने चाचप, हात खाली सोडायला सांग, मग टोच. इथेही तेच करायचं. जागेजवळ आलं की मोकळ्यात दोन मिनिटं स्थिर उभं राहायचं, बाण शांत होऊ द्यायचा, दहा मीटरचा घेर मनात धरायचा आणि मोबाईल खिशात टाकून डोळे वापरायचे. लपवणाऱ्याने डबा कुठे ठेवला असता, असा विचार करायचा.

दुसऱ्या वेळचा प्रसंग मात्र वेगळा. आकडे एका बागेच्या कुंपणापाशी आले. दगडी भिंतीत एक फट होती. भाच्याला मी म्हटलं, बघ रे आत. तो दोन पावलं मागे सरला. "मामी, मी नाही हात घालणार. तूच घाल." मला वाटलं पालीला घाबरला. तो म्हणाला, "कुणी बघितलं तर चोर म्हणतील."

मी फटीत टॉर्च मारत असतानाच गेटवरचा माणूस आला. काय शोधताय, कोणी पाठवलं, राहता कुठे. वस्तीचं नाव सांगितल्यावर त्याचा 'तुम्ही' गेला आणि 'तू' आला. मी त्याला खेळ समजावून सांगितला, ॲप दाखवलं. तो म्हणाला, हे सगळं आत चालणार नाही. डबा त्या फटीत होता की नाही ते अजून कळलेलं नाही.

या खेळात बाहेरच्या माणसांना 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या गोष्टींतून उचललेला शब्द. नवशिक्यांना सल्ला देतात की मगलांच्या नजरेत येऊ नका, गुपचूप शोधा, नाहीतर कुणी डबा पळवेल. हा सल्ला गंमतीचा असेल, पण तो ज्यांच्याकडे बघून कुणाला संशय येत नाही त्यांच्यासाठी आहे. आपल्या पोराने कुंपणापाशी गुपचूप वाकून बघणं आणि टापटीप कपड्यांतल्या पर्यटकाने वाकून बघणं, दोन्हीचा अर्थ लोक वेगवेगळा लावतात. म्हणून आम्ही आमच्यापुरता नियम उलटा केला. उजेडी जायचं, तीन-चार जणींनी मिळून जायचं, आणि आधी माळ्याला किंवा रखवालदाराला सांगायचं. सार्वजनिक पाण्यासाठी आपले आजे-पणजे 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर गेले ते चोरपावलांनी गेले नव्हते. बागेत तर आपणही कर भरून जातो. आणखी एक कारण आहे. परदेशात असे डबे पाहून बॉम्बशोधक पथकं धावून आल्याचे प्रकार झालेत. मुंबईत लोकलमध्ये बेवारस वस्तूची सूचना आपण रोज ऐकतो. स्टेशन, पूल, सरकारी कचेरी यांच्या आसपास शोधाशोध करूच नये.

नर्स म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. फटीत, झुडपात, कुंडीखाली उघडा हात घालू नका. आधी टॉर्च, मग काठी. साप-विंचू असतात, पण शहरातल्या बागांत मला जास्त भीती वापरून फेकलेल्या सुयांची वाटते. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. "काही होत नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणारे मी वॉर्डात पाहिले आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, पायाला भेग किंवा जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टो तिथूनच होतो.

तिसऱ्या वेळी आम्ही चौघी आणि भाचा. जाता जाता मी त्यांना चंकमाबद्दल सांगितलं. विहारात आपण बसून ध्यान करतो, पण तथागतांनी चालण्याचेही पाच लाभ सांगितले आहेत, अंगुत्तर निकायात. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नांना बळ येतं, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त टिकते. काकू म्हणाल्या, "पचनाचं पण सांगितलंय? मग ते आधी सांगायचं ना." त्यांना गॅसचा त्रास आहे.

बागेत शिरल्यावर आधी माळीदादांना गाठलं. ते म्हणाले, "तुम्हीपण त्यातलेच का? मधेमधे लोक येतात मोबाईल घेऊन." एवढं बोलून ते झाडांना पाणी घालायला गेले, जागा सांगितली नाही. वीस मिनिटं आम्ही बाकाखाली, फलकामागे, झाडाच्या ढोलीत बघत होतो. शेवटी काकूंनीच शोधला. लोखंडी कठड्याच्या आतल्या बाजूला लोहचुंबकाने चिकटवलेली, अंगठ्याएवढी डबी. रोज भांडी घासणारी बाई ती, हात बरोबर आतल्या कडेला गेला. डबीत कागदाची गुंडाळी होती. सगळी नावं इंग्रजीत, शेवटची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची. काकू साक्षरता वर्गात सही शिकल्या आहेत. पेन्सिल घेऊन त्यांनी सावकाश मराठीत नाव लिहिलं, त्याखाली 'जय भीम', आणि एवढ्यात त्या अरुंद कागदाची रुंदी संपली. आम्ही बाकीच्यांनी पुढच्या ओळीत दाटीवाटीने लिहिलं. त्या सकाळी जाऊन-येऊन तास-सव्वा तास चालणं झालं. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातलं निम्मं एका फेरीत, आणि एकीनेही पाय दुखतात म्हटलं नाही. संध्याकाळी म्हटलं, ते सोडा.

भाच्याला आता कान्हेरीच्या लेण्यांत आपला डबा लपवायचा आहे. मी साफ नाही म्हटलं. ते संरक्षित स्मारक आहे. तिथल्या कोनाड्यांत हात घालणं, वस्तू कोंबणं म्हणजे आपल्याच वारशाची नासाडी. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, डबा जमिनीत पुरायचा नाही, आत खायची वस्तू ठेवायची नाही, हे खेळाचेही नियम आहेत. डबाच नसलेला एक प्रकारही असतो. त्यात जागेवर जाऊन नीट पाहायचं आणि प्रश्नाचं उत्तर शोधायचं. लेण्यांसाठी तो बरा. सध्या विहार समितीला विचारून आम्ही आवारात एक स्टीलचा डबा लपवला आहे. आत वही आणि पेन्सिल. ॲपवर नाही, फक्त आपल्या पोरांसाठी. दोन दिवसांत वहीची चार पानं भरली. त्यातलं एक पान नुसत्या चित्रांचं.

या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही विहाराच्या पायरीपासून निघणार आहोत. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालून या. पाण्याची बाटली आणा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये, खिशात गूळ किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवावीत. छातीत दुखणं, चालताना धाप लागणं असलं काही असेल तर आधी मला भेटा. पेन्सिल मी आणते.